छपराचा वाद आणि भिंतीचा प्रश्न: कॅसल टिओरमचं प्रकरण

आधी जागा

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर लॉक मॉयडार्ट नावाची खाडी आहे. लॉक शील या लांबलचक सरोवराचं गोडं पाणी घेऊन शील नदी जिथे या खाडीला मिळते, तिथे जवळच एक खडकाळ बेट आहे. भरतीला ते बेट असतं. ओहोटीला रेती उघडी पडते आणि चालत जाता येतं. अलिबागचा कुलाबा किल्ला ज्याने ओहोटीची वेळ विचारून, चपला हातात घेऊन पाहिलाय त्याला ही जागा समजावून सांगायला नको. बेटाच्या नावातला 'टिओरम' हा गेलिक शब्द आहे, अर्थ 'कोरडं'. उच्चार 'चिरम'च्या जवळ जातो, पण नकाशावर दिसतं तसंच इथे लिहितोय.

बेटावर पाच बाजूंचा उंच तट आहे आणि तटाच्या आत टॉवर हाउस. टॉवर हाउस म्हणजे उभा रचलेला वाडा. आपला वाडा चौकाभोवती पसरतो, तर या वाड्यात खोल्या एकावर एक चढतात. तळाला कमानी छताची कोठारं, त्यावर बैठकीचं दालन, त्यावर निजायच्या खोल्या, भिंतीच्या जाडीत गोल जिना, माथ्यावर फिरायची वाट आणि चर्या, म्हणजे दातेरी कठडा. चौदाव्या ते सतराव्या शतकात स्कॉटलंडमधल्या जमीनदारांनी आणि कुळांच्या प्रमुखांनी अशी घरं शेकड्यांनी बांधली. बरीच आज बिनछपराची आहेत. टिओरम त्यातलंच एक, फक्त त्याला बाहेरून जुन्या तटाचं कवच आहे.

या बिनछपराच्या किल्ल्यावर पुन्हा छप्पर घालून घर करायचं, की तो अवशेष म्हणूनच ठेवायचा, या वादाची ही हकीकत. वादातले मालक, अधिकारी, चौकशी करणारे यांची नावं इथे घेतलेली नाहीत, सगळे आपापल्या भूमिकेनेच येतील. किल्ल्याचं नाव मात्र लपवण्यात अर्थ नाही. ओहोटीचं बेट आणि पंचकोनी तट एवढं सांगितलं तरी जाणकार ओळखणारच.

पार्श्वभूमी

टिओरम हे क्लॅनरॅनल्डच्या मॅकडोनल्ड कुळाचं मुख्य ठाणं. १६९२ मध्ये कुळाचा प्रमुख अ‍ॅलन फ्रान्समधल्या जेकोबाइट, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजाच्या, दरबारात गेल्यावर सरकारी फौजेने किल्ला ताब्यात घेतला आणि तिथे लहानशी शिबंदी बसवली. १७१५ च्या उठावात अ‍ॅलनने तो परत जिंकला आणि स्वतःच पेटवून दिला. आपण लढाईला गेल्यावर तो पुन्हा शत्रूच्या हाती पडू नये, असं कारण सांगितलं जातं. नोव्हेंबरमध्ये शेरिफमूरच्या लढाईत तो मारला गेला. त्यानंतर किल्ल्यावर छप्पर चढलं नाही.

ही आग इथे सविस्तर सांगतोय, कारण पुढच्या सगळ्या वादाचं मूळ तीच आहे. किल्ला काळाच्या ओघात मोडकळीला आला असता तर एक गोष्ट होती. हा किल्ला त्याच्या धन्याने ठरवून जाळला. मग त्याचं जळकं, उघडं रूप हा इतिहासातला शेवटचा खरा प्रसंग मानायचा, की फक्त एक अपघाती खंड, जो आता बुजवून टाकायचा? दोन्ही बाजू प्रामाणिकपणे मांडता येतात.

कुळाची माणसंही पांगली. १७७२ मध्ये या भागातले कॅथलिक शेतकरी जहाजाने कॅनडातल्या आजच्या प्रिन्स एडवर्ड बेटावर गेले. त्यांचे वंशज आज अटलांटिकपलीकडे आहेत आणि टिओरम त्यांना आपलं मूळ घर वाटतं. वादात त्यांचाही आवाज होता, पण कागदावर त्यांना काही हक्क नव्हता.

कायद्याची चौकट

स्कॉटलंडमध्ये सुमारे ८,००० 'शेड्यूल्ड मॉन्युमेंट' आहेत. १९७९ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली त्यांना संरक्षण मिळतं. लिस्टेड बिल्डिंग, म्हणजे वापरातली किंवा वापरण्यासारखी जुनी इमारत, तिची यादी वेगळी आणि कितीतरी मोठी, ४७,००० च्या वर. टिओरम पहिल्या यादीत आहे. शेड्यूल्ड स्मारकाला हात लावायचा म्हटलं की परवानगी लागते. दुरुस्तीला लागते, दगडांमधल्या सांधी भरायलाही लागते. परवानगीशिवाय काम करणं हा फौजदारी गुन्हा आहे.

आता या कायद्याची उलटी बाजू पाहा. स्मारकाला धक्का लावू नका, असं कायदा मालकाला बजावतो. ते पडू देऊ नका, असं बजावत नाही. देखभाल करायची सक्ती मालकावर नाही. सरकारला तातडीचं काम स्वतः करता येतं, स्मारकाची देखरेख हाती घेता येते, अगदी सक्तीने ताबाही घेता येतो. पण हे सगळं 'करता येतं' या सदरातलं, 'करावंच लागतं' यातलं काही नाही.

प्रश्न काय होता

१९९७ मध्ये किल्ला विकायला निघाला आणि एका खासगी खरेदीदाराने तो घेतला. त्याची योजना पूर्ण पुनर्बांधणीची होती: छप्पर घालायचं, मजले पुन्हा बसवायचे, आत राहायची दालनं करायची आणि कुळाचं संग्रहालयही. पैसा त्याचा स्वतःचा. सरकारकडे हात पसरून आलेला हा माणूस नव्हता, आणि लोकमत आधी त्याच्याकडे झुकलं ते त्यामुळेच. स्थानिक हायलँड कौन्सिलचा कलही योजनेच्या बाजूने होता. हिस्टॉरिक स्कॉटलंड, म्हणजे तेव्हाची सरकारी वारसा संस्था, विरोधात गेली.

संस्थेचा मुद्दा थोडक्यात असा. टिओरम राष्ट्रीय महत्त्वाचं आहे ते मुळात त्यात फारसा बदल झाला नाही म्हणून. घर करायचं तर वीज, पाणी, मैला, ऊब, खिडक्यांच्या काचा, मजल्यांचे तुळवे, आगीतून बाहेर पडायचे रस्ते, सगळं जुन्या भिंतींत घुसवावं लागेल. जमिनीखालचा पुरातत्त्वीय थर खणला जाईल. शिवाय छप्पर कसं होतं, वरच्या मजल्याची मांडणी कशी होती, याचा पुरावा अपुरा. उरलेलं अंदाजाने भरावं लागेल. स्मारकांच्या जतनाबद्दलच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत जीर्णोद्धाराबद्दल हेच सांगितलंय: तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे.

मालकाच्या बाजूचा मुद्दाही पोकळ नव्हता. टॉवर हाउस हा प्रकारच पिढ्यान्‌पिढ्या बदलत आलेला. वर मजला चढवणं, कोपऱ्यांवर लहान बुरुज काढणं, खिडक्या मोठ्या करणं हे प्रत्येक वारसाने केलं. मग या पिढीने केलं तर तो गुन्हा कसा? आणि ज्याला छप्पर आहे तीच वास्तू टिकते.

भिंत कशी पडते

हा शेवटचा मुद्दा, छपराचा, जवळून बघण्यासारखा आहे. अशी भिंत म्हणजे एकसंध दगड नसतो. बाहेरून एक घडीव किंवा निवडक दगडाचा थर, आतून एक, आणि दोन्हींच्या मधे डबर आणि चुन्याची भर. छप्पर असताना भिंतीचा माथा कोरडा राहतो. छप्पर गेलं की माथा उघडा पडतो आणि पाणी थेट मधल्या भरीत उतरतं. कोकणात पाऊस चार महिने झोडपतो आणि मग भिंतीला वाळायला आठ महिने मिळतात. या किनाऱ्यावर पाऊस बारमाही आहे, भिंत कधी धड वाळतच नाही. पाणी चुना विरघळवत खाली नेतं, भर सैल होते, तळाशी साचते. थंडीत आत मुरलेलं पाणी गोठून फुगतं. बाहेरचा थर हळूहळू पोट काढतो. बाहेरून पाहणाऱ्याला वर्षानुवर्षं काहीच झालेलं दिसत नाही. मग एका रात्री तो थर आतल्या डबरासकट खाली येतो.

यावर छपराखेरीजही उपाय आहेत. माथ्यावरचे सुटे दगड चुन्यात पुन्हा बसवायचे, वर पाणी वाहून जाईल असा उतार द्यायचा, किंवा गवताच्या ढेकळांची चादर घालायची. स्कॉटलंडमध्ये आणि इंग्लंडमध्ये ही गवताची टोपी बऱ्याच ठिकाणी वापरतात. गवत पाणी धरून ठेवतं, उन्हाळ्यात उडवून देतं आणि माथ्याचं गारठ्यापासून रक्षण करतं. सिमेंट मात्र चालत नाही. सिमेंट पाणी अडवतं, पण आत गेलेलं बाहेरही येऊ देत नाही, आणि मग दगडच फुटायला लागतो. आपल्या गडांवर सिमेंटने केलेल्या डागडुजीवरून जे वाद होतात, त्यांच्या मुळाशीही हीच गोष्ट आहे.

२००० मध्ये, परवानगीचा वाद चालू असतानाच, टिओरमच्या वायव्येकडच्या तटाचा मोठा भाग कोसळला.

कोणते पर्याय होते

खरं तर टेबलावर चार गोष्टी ठेवता आल्या असत्या. काहीच न करता लोकांना दूर ठेवणं. फक्त भिंती स्थिर करून अवशेष अवशेषासारखा जपणं. मधला मार्ग, म्हणजे टॉवरच्या एखाद्या भागावर उघडपणे नवं दिसणारं हलकं छप्पर घालणं, जे उद्या काढताही येईल. आणि पूर्ण पुनर्बांधणी. वादाच्या दोन टोकांना मात्र पहिली आणि चौथीच जास्त ऐकू आली. मधल्या दोन गोष्टींना कुणी धनी नव्हता. मालकाला अवशेषाच्या दुरुस्तीत रस असण्याचं कारण नव्हतं, त्याला घर हवं होतं. संस्थेचं काम आलेल्या अर्जावर होय किंवा नाही म्हणण्याचं होतं. दुसरी योजना आखून मालकाच्या हाती देणं हे तिच्या कामात बसत नव्हतं.

तुलनेसाठी शेजारचे किल्ले पुढे केले जात, आणि ते दोन्ही बाजूंना उपयोगी पडत. आयलन डोनन १७१९ मध्ये नौदलाने उडवला आणि १९३२ पर्यंत जवळजवळ नव्याने बांधला. त्या कामावरच्या गवंड्याला किल्ल्याचं मूळ रूप स्वप्नात दिसलं, असं अजून सांगतात. स्वप्नावरून वास्तू उभारणं म्हणजे संवर्धकाच्या अंगावर काटा यायचा प्रकार, पण आज स्कॉटलंडमधल्या सर्वात जास्त छायाचित्रं निघणाऱ्या किल्ल्यांत त्याची गणना होते. कॅसल स्टॉकर हे बेटावरचं टॉवर हाउस एका खासगी मालकाने १९६५ पासून दहाएक वर्षं खपून राहण्याजोगं केलं. बॅरा नावाच्या बेटालगतचा किसिमुल किल्ला मॅकनील कुळाच्या प्रमुखाने १९३८ मध्ये हाती घेतला, काम १९७० मध्ये संपलं. गंमत पाहा: टिओरमचा वाद पेटलेला असतानाच, २००० च्या सुमारास, हाच पुन्हा बांधलेला किसिमुल हिस्टॉरिक स्कॉटलंडने १,००० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर आपल्याकडे घेतला. भाडं वर्षाला एक पौंड आणि व्हिस्कीची एक बाटली.

संस्थेला यात विसंगती वाटली नसावी. किसिमुलचं जे व्हायचं ते आधीच झालं होतं, टिओरमचं व्हायचं होतं. पण गावातल्या माणसाला हा फरक पटवणं अवघड.

काय घडलं

परवानगी नाकारली गेली आणि प्रकरण जाहीर चौकशीत गेलं. दोन्हीकडून तज्ज्ञ उभे राहिले. २००२ मध्ये स्कॉटिश मंत्र्यांनी नकार कायम केला.

इथे एक रचनेचा दोष नमूद करायला हवा. त्या काळी हिस्टॉरिक स्कॉटलंड ही मंत्र्यांचीच कार्यकारी संस्था होती. म्हणजे विरोध करणारी संस्था मंत्र्यांची आणि अंतिम निर्णयही मंत्र्यांचा. निर्णय कितीही सचोटीने घेतला असेल, हरलेल्या बाजूला तो घरच्याच पंचाचा वाटणार. २०१५ मध्ये हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड ही नवी स्वतंत्र संस्था आली. आता परवानगीचा निर्णय ती देते आणि त्याविरुद्ध मंत्र्यांकडे अपील करता येतं. ही सोय आधी असती तर निकाल बदललाच असता असं नाही, पण त्याबद्दलची कडवट भावना बरीच कमी झाली असती.

निष्पत्ती

किल्ला खासगी मालकीतच राहिला. बेटावर कुणीही जाऊ शकतं, कारण स्कॉटलंडमध्ये मोकळ्या जमिनीवर फिरण्याचा हक्क सगळ्यांना आहे. किल्ल्याच्या आत मात्र जाता येत नाही, दगड पडण्याची भीती म्हणून. संग्रहालय झालं नाही, घर झालं नाही.

नकाराने काय वाचलं? मजल्यांखालचा, कुणी न खणलेला थर वाचला. भिंतीवरच्या जुन्या खुणा वाचल्या, ज्या प्लास्टर आणि पाइपांखाली गेल्या असत्या. हे कमी नाही. एकदा घर झालं की पुन्हा अवशेष करता येत नाही, उलट अवशेषाचं घर करायचा निर्णय पन्नास वर्षांनीही घेता येईल. या कारणासाठी मला तो नकार पटतो.

पण नकार म्हणजे संरक्षण नव्हे. नकाराच्या कागदावर 'माथ्याची पाहणी दर दोन वर्षांनी करावी' अशी अट घालता येत नाही. अट परवानगीला घालतात. म्हणजे संस्था 'हो' म्हणाली असती तर तिच्या हाती लगाम आला असता, 'नाही' म्हणाल्यावर लगामही गेला.

निर्णयाच्या जागा

पहिली जागा १९९७. मालकी बदलली तो क्षण. नवा मालक उत्साहात असतो, खिशात पैसा असतो, अजून कुणाशी भांडण झालेलं नसतं. त्याच वेळी भिंतींचं मोजमाप, पोट काढलेल्या जागांची नोंद आणि तातडीच्या दुरुस्तीचा वेगळा, छोटा अर्ज, एवढंच आधी पुढे करायला हवं होतं. छपराचा प्रश्न नंतर. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महागात पडलेली गोष्ट म्हणजे दोन वेगळी कामं एका अर्जाला बांधली गेली. मोठं काम अडलं आणि त्याच्याबरोबर लहानही रखडलं. लहान कामाला कुणाचाच विरोध नसता.

दुसरी जागा २००० ची पडझड. तट कोसळल्यावर दोन्ही बाजूंनी तो आपापल्या बाजूचा पुरावा म्हणून वापरण्याचा मोह होणं स्वाभाविक होतं: 'पाहा, छप्पर नसलं की हे होतं' आणि 'पाहा, इथे हात लावणं किती जोखमीचं'. खरं तर वाद थांबवून तीन महिने फक्त भिंतीबद्दल बोलायची ती वेळ होती. कायद्यातलं तातडीच्या कामाचं कलम अशाच प्रसंगासाठी आहे.

तिसरी जागा मधल्या पर्यायाची. काढता येणारं छप्पर, एखादंच दालन, बाकी अवशेष. हे कुणाला पूर्ण आवडलं नसतं. तरीही त्याचा आराखडा तिसऱ्या, दोन्हींशी संबंध नसलेल्या वास्तुरचनाकाराकडून करून घ्यायला हवा होता. वादात दोन्ही बाजू नाकारतील असा कागद टेबलावर असला तरी बोलणं मऊ होतं, हे ज्याने चार बैठका पाहिल्यात त्याला ठाऊक आहे.

आणि कुळाची माणसं. मालक एक, संस्था एक, पण जाळलेल्या घराबद्दल भावना असलेली माणसं हजारो, आणि तीही दोन खंडांत. त्यांना काय हवं, हे विचारायची नेमकी पद्धत तेव्हा नव्हती. २०१९ च्या स्कॉटलंडच्या वारसा धोरणात निर्णय घेताना वास्तूचं महत्त्व सर्वसमावेशकपणे समजून घ्यावं असं म्हटलंय. धोरणात लिहिणं सोपं आहे. अटलांटिकपलीकडच्या नातवाला जाळलेलाच किल्ला हवा असेल तर?

दुर्गसंवर्धन करणाऱ्या आपल्याकडच्या मित्रांशी हे प्रकरण बोललो की चर्चा लगेच 'छप्पर घालायला हवं होतं की नको' यावर जाते. तासभर रंगते. भिंतीचा माथा शेवटचा कधी पाहिला, कोणी पाहिला आणि फोटो कुठे आहेत, हे विचारणारा दहांत एखादा निघतो. इंग्रज कवी आणि कलाकार विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींसाठी संस्था काढली तेव्हाच्या जाहीरनाम्यात सांगितलं होतं की जीर्णोद्धाराऐवजी रोजच्या देखभालीने पडझड लांबवा. टिओरमचा वाद त्यानंतर एकशे वीस वर्षांनी पेटला, आणि त्याच्या मध्यभागी छप्परच होतं.

मी गेलो होतो तेव्हा ओहोटीचे अजून दोन तास शिल्लक होते. शेवटचा एकपदरी रस्ता जिथे संपतो तिथे गाडी लावली, शेवाळ चुकवत रेतीवरून बेटावर चढलो. दाराशी पाटी: आत जाऊ नये. तटाला वळसा घालून मागच्या बाजूला गेलो. उन्हात भिंतीच्या माथ्यावर एक रोपटं वाऱ्यावर हलताना दिसलं, बोटभर जाडीचं खोड. मुळं कुठवर गेली असतील याचा अंदाज बांधत उभा होतो तेवढ्यात पाणी वाटेच्या कडेला चढायला लागलं, आणि परत फिरावं लागलं.